मागचे ड्रम ब्रेक घरी उघडायचे आहेत: हँडब्रेक आवळूनही पुन्हा ढिला पडतोय

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. चिपळूणला असते. घरी नऊ वर्षं जुनी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. गेल्या पावसाळ्यापासून हँडब्रेक दहा-अकरा खटके ओढावा लागतो आणि तरी अंगणातल्या उतारावर गाडी हळूच सरकते. गॅरेजला दोनदा नेली. दोन्ही वेळा आतल्या लिव्हरपाशी असलेला नट आवळून केबल ताणून दिली. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

आता डाव्या मागच्या चाकातून हळू चालवताना घासल्यासारखा आवाज येतोय. बाजारात जाऊन आल्यावर त्या चाकाची रिम उजवीपेक्षा स्पष्ट गरम लागते.

माझ्याकडे जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), रिंग पान्यांचा संच आणि भावाचा टॉर्क पाना आहे. तेल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलते. ड्रम मात्र कधी उघडलेला नाही. दर आठवड्याला कुंभार्ली घाट उतरावा लागतो, त्यामुळे अंदाजपंचे काम नको आहे. केबल बदलावी की ड्रम उघडावा? आणि उघडायचा तर आधी काय आणून ठेवू?

घरचा_अभियंता

रिम गरम होतेय म्हणजे शू ड्रमला टेकून राहतोय. हँडब्रेक पूर्ण खाली सोडून, गिअर न्यूट्रल करून चाक उचला आणि हाताने फिरवा. मग केबलचा नट पूर्ण ढिला करून पुन्हा फिरवा. दुसऱ्या वेळी मोकळं फिरलं तर केबल जास्त ताणलेली आहे. तरीही जड फिरलं तर दोष ड्रमच्या आत आहे. चाचणी करताना गाडी सपाटीवर हवी आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत. मागचं चाक उचललं की हँडब्रेकचा आधार संपतो.

वाशिष्ठी

केली चाचणी. केबल ढिली केल्यावर उजवं मोकळं झालं. डावं थोडं सुधारलं, पण घासतंच आहे.

जुना_पाना

वाशिष्ठीताई, चाचणीने बरंच सांगितलं. मी कोल्हापुरात वर्कशॉपला फिटर होतो, आता निवृत्त आहे. हँडब्रेक वर येतोय म्हणून केबल आवळणं हा प्रकार मी आयुष्यभर बघत आलोय आणि त्याने गाड्या बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्रमच्या आत दोन शू असतात, ज्यांना आपल्याकडे सगळे लायनर म्हणतात. छोट्या गाड्यांत वर व्हील सिलिंडर आणि खाली पक्का अँकर असतो. पेडल दाबलं की सिलिंडरचे दोन पिस्टन दोन्ही शूंची वरची टोकं बाहेर ढकलतात. हँडब्रेकची केबल मात्र सिलिंडरला हातही लावत नाही. ती मागच्या शूवर बसवलेली एक पट्टी ओढते, ती पट्टी दोन शूंमधल्या आडव्या स्ट्रटला, म्हणजे दांडीला, रेटते आणि दोन्ही शू फाकतात.

शूचं अस्तर झिजलं की शू आणि ड्रममधली फट वाढते. ती फट भरून काढणं हे त्या स्ट्रटवरच्या ॲडजस्टरचं काम आहे. तो गंजला, धुळीने जाम झाला, की फट वाढत जाते आणि हँडब्रेक वर येऊ लागतो. अशा वेळी केबल आवळली तर आतली पट्टी हँडब्रेक सोडल्यावरही आपल्या मूळ जागी परत टेकत नाही. शू कायम थोडे फाकलेले राहतात, घासतात, तापतात. पट्टी टेकलेली नसेल तर चालू स्थितीतला ॲडजस्टरसुद्धा नीट पुढे सरकत नाही. म्हणजे दुखणं तसंच राहतं आणि वर नवीन दुखणं लागतं.

म्हणून कामाचा क्रम असा: केबल पूर्ण ढिली करायची, ड्रम उघडायचे, आतलं सगळं दुरुस्त करायचं, शूची फट ॲडजस्टरने जुळवायची, पेडल बऱ्याच वेळा दाबायचं आणि केबलला हात सगळ्यात शेवटी लावायचा. हा क्रम पाळलात तर निम्म्या गाड्यांत केबल आवळावीच लागत नाही.

आता उघडण्याबद्दल. अंगणातल्या उतारावर हे काम करू नका. कडक सपाट जागा बघा, रस्त्याकडेची मऊ जांभ्याची माती नको. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा (तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे गिअर पुढची चाकं धरतो), पुढे दगड लावा, हँडब्रेक खाली. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. उचलल्यावर घोड्या कंपनीने दाखवलेल्या जागीच लावा. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर टेकेल, अंगावर येणार नाही.

ड्रम दोन प्रकारचे असतात. एकात बेअरिंग ड्रमच्याच पोटात असतं. मधली टोपी काढली की मोठा नट दिसतो, त्याला स्प्लिट पिन असते किंवा नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असते. ती पिन किंवा तो ठोकलेला नट पुन्हा वापरायचा नाही, नवा आणून ठेवा. नट किती आवळायचा ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका. दुसऱ्या प्रकारात हब जागेवरच राहतो आणि ड्रम नुसता स्टडवर (चाक बसतं त्या बोल्टांवर) अडकवलेला असतो. त्याला बऱ्याचदा आटे पाडलेली दोन भोकं असतात, बहुधा ८ मिमी बोल्टची. त्यात दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा दिला की ड्रम सरळ बाहेर येतो.

अडला तर शू ज्यावर बसतात त्या मागच्या पत्र्यात पेचकस खुपसून उचकटू नका. पत्रा वाकला की ड्रम कायमचा घासेल. ड्रमच्या आतल्या कडेला झिजेमुळे एक ओठ तयार होतो आणि शू त्याला अडकतात. मागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं, ते काढून आतून ॲडजस्टर किंवा पट्टी मागे सरकवली की शू आत जातात. ठोकायचंच झालं तर लाकडी ठोकळा ठेवून स्टडच्या मधल्या भागावर ठोका. कडेवर हातोडी मारू नका, ड्रम बिडाचा असतो, तडकतो.

प्राजक्ता_ठाणे

काका, ड्रम उघडल्यावर जी काळी धूळ निघते तिचं काय? आमचा मेकॅनिक कॉम्प्रेसरची हवा मारून उडवतो.

जुना_पाना

हवा अजिबात मारू नये, तोंडाने फुंकूही नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. आज चांगल्या शूंच्या खोक्यावर ते नसल्याचं छापलेलं असतं, पण गाडीत सध्या कोणते शू बसलेत हे उघडणाऱ्याला ठाऊक नसतं. साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन आधी भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाका. शेवटी ब्रेक क्लीनर. मास्क चांगला हवा, ओढणी-रुमाल चालणार नाही. पेट्रोल किंवा रॉकेल आत लावू नका, सिलिंडरचं रबर फुगतं.

शिरोलीचा_लेथवाला

ड्रमबद्दल माझ्याकडून. ड्रमच्या अंगावर कमाल व्यास कोरलेला असतो. छोट्या हॅचबॅकमध्ये बऱ्याचदा मूळ व्यास १८० मिमी आणि कमाल १८२ मिमी असतो, पण तुमच्या ड्रमवर जे लिहिलंय तेच खरं. लोक इथे गफलत करतात. लेथवर पाव मिमी खोल काप घेतला की व्यास अर्धा मिमी वाढतो. १८१.६ वर आलेला ड्रम टर्निंग करून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, तो बदला.

टर्निंग दर वेळी लागतंच असं नाही. नखाला अडकेल अशी खोल चरी असेल, ब्रेक मारताना पेडलला धडधड जाणवत असेल (ड्रम लंबगोल झालेला असतो) किंवा निळे-काळे कडक डाग पडले असतील, तरच. पहिल्या दोन गोष्टी टर्निंगने जातात. कडक डाग बहुधा पुन्हा वर येतात, त्याला नवा ड्रमच बरा. नुसता हलका गंज आणि चकाकी असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर आडवा-तिडवा फिरवा, पुरे. एका बाजूचा टर्न केला तर दुसरा मोजल्याशिवाय बसवू नका, दोन्हीकडचे व्यास जवळपास सारखे हवेत.

जुना_पाना

लेथवाले, बरोबर. ताई, मागवायची यादी देतो. दोन्ही बाजूंचे शू (एका बाजूचे कधीच बदलायचे नाहीत), स्प्रिंग आणि पिनांचं किट, स्प्लिट पिन किंवा सेंटर नट, मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्या ग्रेडचं ब्रेक ऑइलचं बंद सीलचं डबडं, ब्रेकसाठीचं जास्त तापमानाचं ग्रीस, पारदर्शक नळी. व्हील सिलिंडर आधी बघा, मग मागवा.

सिलिंडर बघायची रीत: दोन्ही टोकांच्या रबरी टोप्यांची कड हळूच उचला. आत नुसता ओलसरपणा असेल तर चालतं. थेंब आला तर आतलं कप-वॉशर गेलं. आणि ड्रम काढलेला असताना कुणालाही गाडीत बसू देऊ नका. सवयीने पेडल दाबलं गेलं की पिस्टन सिलिंडरबाहेर येऊन पडतात.

एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुटी करू नका. स्प्रिंगा काढण्याआधी फोटो काढाच, पण फोटोत खोली कळत नाही, दुसरी बाजू समोर असली की शंका उरत नाही. हेही लक्षात ठेवा की डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब असते. आट्याचा ॲडजस्टर असेल तर डाव्या-उजव्याचे आटे उलटे असतात. अदलाबदल झाली तर तो फट कमी करायच्या ऐवजी वाढवत जातो.

घरचा_अभियंता

सिलिंडर बदलताना पाइपचा नट ही खरी डोकेदुखी असते, कोकणात तर विशेष. साध्या फिक्स पान्याने तो गोल होतो आणि मग पाइप कापावा लागतो. ब्रेक पाइपसाठी तोंड कापलेला रिंग पाना मिळतो, बऱ्याच गाड्यांत १० मिमीचा लागतो, तोच आणा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, मात्र शूवर उडू देऊ नका. पाइप सुटल्यावर त्याच्या तोंडावर रबरी टोपी घाला. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी झाली तर हवा मास्टर सिलिंडरपर्यंत (पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरपर्यंत) जाते आणि काम वाढतं. ऑइल बॉडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उतरतो.

प्राजक्ता_ठाणे

गळणाऱ्या सिलिंडरला नुसतं रबर किट घातलं तर भागत नाही का? किट फार स्वस्त आहे.

जुना_पाना

पूर्वी आम्ही किटच घालायचो. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी असेल तर किट टिकतं. पण गळायला लागलेल्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा गंजाचे खड्डे पडलेले असतात, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. खड्ड्यावर नवं रबर घासलं की लवकरच तेही फाटतं आणि नवे शू तेलात भिजतात. मग शू पुन्हा घ्यावे लागतात, कारण तेल प्यायलेलं अस्तर कितीही जाळलं-धुतलं तरी भरवशाचं होत नाही. कोकणातल्या हवेत मी अख्खा सिलिंडर बदला असंच सांगेन, आणि दोन्हीकडचे.

वाशिष्ठी

रविवारी उघडलं. जे सापडलं ते लिहिते.

डावीकडे सिलिंडरच्या टोपीतून थेंब नाही, धारच आली. पुढच्या शूचं अस्तर वरच्या टोकाला तेलाने काळं आणि मऊ झालेलं. ॲडजस्टर गंजून घट्ट, हाताने हलेना. शू ज्या उंचवट्यांवर सरकतात त्या पत्र्यावरच्या सहा जागांवर गंजाने खाचा पडल्या होत्या, शू त्यात अडकत होते, आवाज तिथूनच येत असणार. उजवीकडे सिलिंडर कोरडा, अस्तर दोन मिमीच्या आसपास उरलेलं, ॲडजस्टर जड पण फिरणारा.

ड्रम लेथवर मोजून घेतले. डावा १८०.६, उजवा १८०.५, कमाल १८२ लिहिलंय. चरी नाहीत, फक्त पॉलिश पेपर मारला. दोन्ही सिलिंडर, शू, स्प्रिंग किट नवे घातले. त्या सहा जागा घासून ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. डावा ॲडजस्टर नवा मिळाला.

आता ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची आहे. व्हिडिओत उजव्या मागच्या चाकापासून सुरू करा म्हणतात. तसंच करू का?

सॅन_होजे_मराठी

ते व्हिडिओ बहुतेक आमच्याकडचे, म्हणजे अमेरिकेतले असणार. नियम असा आहे की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, मास्टर सिलिंडर डावीकडे, म्हणून लांबचं चाक उजवं मागचं. भारतात ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून डावं मागचं आधी.

जुना_पाना

नेमकं सांगितलंत. त्यात एक भर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइनी बहुधा तिरक्या असतात: डावं मागचं आणि उजवं पुढचं एका लाइनीवर, उजवं मागचं आणि डावं पुढचं दुसरीवर. एक लाइन फुटली तरी एक पुढचं चाक ब्रेक धरतं, म्हणून ही रचना. अशा गाडीत डावं मागचं, मग उजवं पुढचं, मग उजवं मागचं, शेवटी डावं पुढचं असा क्रम घेतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

हवा काढण्याआधी दोन्ही ड्रम बसलेले असू द्या. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल तळापर्यंत जाणार नाही. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग कधी वापरात आलेला नसतो, तिथे साठलेल्या गंजावर रबर घासलं की मास्टरही गळायला लागतो. दाब, धर, निपल (चाकापाशी हवा काढायचा छोटा स्क्रू) उघड, निपल बंद, मगच पेडल सोड. टाकीतली पातळी सतत बघत राहा. बाहेर आलेलं ऑइल परत ओतू नका.

वाशिष्ठी

हवा काढली, नळीत बुडबुडे येणं थांबलं, आलेलं ऑइल स्वच्छ. पण पहिल्यांदा दाबलं की पेडल बरंच खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि दगडासारखं घट्ट. हवा राहिली का अजून?

जुना_पाना

पायाला लवचिक, फुग्यावर पाय ठेवल्यासारखं लागतं का? तसं असेल तर हवा. तुम्ही म्हणता घट्ट लागतं, फक्त खालून लागतं. ती शूची फट आहे. नवे शू बसवताना ॲडजस्टर पूर्ण मिटवलेला असतो, तो उघडायला हवा. केबल अजून ढिलीच आहे ना? मग पत्र्यातल्या भोकातून, किंवा तुमच्या रचनेत ते जमत नसेल तर ड्रम पुन्हा काढून, ॲडजस्टर एकेक दात उघडत जा. ड्रम फिरवताना सर्वत्र हलकं घासल्याचा सूर यायला हवा, पण हाताला अडायला नको. दोन्हीकडे सारखं. मग पेडल पंधरा-वीस वेळा दाबा.

पेडल पहिल्याच दाबात वर आलं की केबलकडे जा. तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या खटक्यांत हँडब्रेक धरला पाहिजे, बहुतेक छोट्या गाड्यांत चार ते नऊच्या मध्ये. आणि पूर्ण सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी.

मुलुंडकर_माणूस

एबीएस असलेल्या गाडीत हेच चालेल का? माझी २०२० ची आहे.

घरचा_अभियंता

एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, तुमच्यात असणारच. शू बदलण्यात फरक नाही, फक्त चाकाजवळच्या सेन्सरला आणि त्याच्या वायरला धक्का लागू देऊ नका. हवा काढायची वेळ आली आणि टाकी कधीही रिकामी झाली नसेल तर हाताने जमतं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, मग सरळ वर्कशॉप.

मुंबईतली गाडी असेल तर आणखी एक. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी राहिली की शूचं अस्तर गंजाने ड्रमला चिकटतं. जोरात रेस करून ओढली तर अस्तर शूवरून उखडून निघू शकतं. सपाट पार्किंग असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडसर लावा, हँडब्रेक सोडून द्या. चिकटलीच तर हळूच मागे-पुढे करून बघा, नाही सुटली तर चाक काढून ड्रमवर लाकडाने ठोका.

वाशिष्ठी

पेडल पहिल्याच दाबात वर येतंय. केबलचा नट, जो गॅरेजवाल्याने जवळजवळ शेवटच्या आट्यापर्यंत नेला होता, तो बराच मागे राहिला आणि हँडब्रेक सहाव्या खटक्याला अंगणातल्या उतारावर धरतोय. रात्रभर गाडी गिअरशिवाय ठेवली, चाकाला दगड लावून. दगडाला चाक टेकलंही नाही. आता घाट कधी उतरू?

जुना_पाना

घाटाची घाई नको. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर अगदी हळू वेगात दोन-चारदा थांबून बघा, गाडी एका बाजूला ओढते का ते. नसेल ओढत तर ताशी ५० वरून हलक्या ब्रेकने २० पर्यंत आणा, थोडं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा. नव्या अस्तराचा सगळा पृष्ठभाग ड्रमला लागेपर्यंत पकड कमी असते. फिरून आल्यावर दोन्ही रिमला हात लावा, उष्णता सारखी हवी. टाकीची पातळी सकाळी बघा आणि मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला बोट फिरवून ओल आहे का तेही. शे-दीडशे किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

मग कुंभार्ली उतरा, पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून लांब जातो, पेडल खाली जाऊ लागतं. शूला कितीही चांगलं अस्तर असलं तरी हे होतं, कारण उष्णता त्या बंद डब्यातून लवकर बाहेर पडत नाही. ब्रेक सतत घासत ठेवू नका, दाबून वेग उतरवा आणि सोडा.

प्राजक्ता_ठाणे

जाता जाता एक. माझ्या स्कूटरला मागे ड्रमच आहे. तिचे शू संपलेत हे न उघडता कळतं का?

शिरोलीचा_लेथवाला

बऱ्याच स्कूटरना कळतं. मागच्या चाकाजवळ जिथे ब्रेकचा दांडा बसतो तिथे एक छोटा बाण असतो आणि शेजारी प्लेटवर खूण. ब्रेक पूर्ण दाबून बघा. बाण खुणेपर्यंत पोहोचला असेल तर शू बदला, नट आवळून पुढे ढकलू नका. तिथे सिलिंडर-ऑइल काही नसतं, एक कॅम फिरतो आणि शू फाकवतो. शू बदलताना त्या कॅमच्या दांड्यालाही किंचित ग्रीस लावा, तो जाम झाला की ब्रेक दाबल्यावर परत सुटत नाही.